नसीम मॅडमचे गार हात

परवा थंडी पडली म्हणून कपाटातून जर्किन काढलं, अंगात चढवलं अन् खिशात हात घातले, तर हात पार मनगटाच्या वर आत गेले. दोन्ही खिसे आतून लोंबलेत. आई म्हणली, "शिवून तरी घे, न्हाईतर टाकून दे ते." मी म्हणलं, खिशांना हात लावायचा नाही. हे खिसे नसीम मॅडमनी सैल केलेत.

तेव्हापासून डोक्यात मॅडमच आहेत, म्हणून सगळं एकदाचं टाईप करून टाकते. मागं-पुढं झालं तर सांभाळून घ्या.

मॅडम कळंबला आमच्याच गल्लीत राहायच्या अन् आमच्याच शाळेत भूगोल शिकवायच्या. उंचीनं लहान, आवाजानं मोठ्या. अन् हात गार. म्हणजे थंडीत गार असं नाही, बाराही महिने गार. उन्हाळ्यात डांबर पाघळत असताना पण त्यांनी पाठीवर थाप मारली की अंगावर काटा यायचा. शाळेत कुणाला ताप आला की पोरं त्याला ऑफिसात न्यायच्या आधी मॅडमकडं न्यायची. मी आठवीत असताना मला वर्गातच ताप भरलता. मॅडमनी मला पहिल्या बाकावर बसवलं, एक हात माझ्या कपाळावर ठेवला, दुसऱ्या हातात पुस्तक धरलं अन् अख्खा तास तसाच उभ्यानं घेतला. धडा होता पर्जन्यछायेचा. सह्याद्री ढग अडवतो, पाऊस तिकडं कोकणात पाडून घेतो, अन् आपण मराठवाडा त्याच्या मागं आडोशाला कोरडे. मधेच थांबायच्या, म्हणायच्या, "हा हात तापला, दुसरा घे," अन् हात बदलून परत सह्याद्री. मला ताप उतरल्याचं आठवत नाही, पण पर्जन्यछाया अजून पाठ आहे.

दुसरी गोष्ट त्यांची स्कूटी. मॅडम कुणाच्याच मागं बसायच्या नाहीत. त्यांचे मिस्टर सत्तार चाचा, ज्यांचं मोटारी भरायचं दुकान आहे, म्हणजे शेतातल्या जळालेल्या पाण्याच्या मोटारींना नवी तार गुंडाळायचं, ते सुद्धा मॅडमच्या मागं बसायचे, मांडीवर भाजीची पिशवी घेऊन. लोक आधी हसायचे, मग लोकांना सवय झाली. कधीतरी नवीन नोकरी असताना मॅडमना आडगावची शाळा मिळालती अन् रोज फाट्यावर उभं राहून कुणी बसवून नेईल का बघावं लागायचं. पहिल्या पगारातून लुना घेतली. तेव्हापासून मागची सीट बंद. "मागं बसलं की रस्ता दिसत न्हाई," असं त्या म्हणायच्या, "नुसती माणसाची पाठ दिसती." आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायकांना गाडी त्यांनीच शिकवलीय, रविवारी शाळेच्या मैदानावर. मला पण. मी लई वाईट शिकले, तो भाग वेगळा.

तर अशा मॅडमनी रिटायर व्हायच्या आधीच्या हिवाळ्यात पॅराशूट घेऊन विमानातून उडी मारायचं ठरवलं.

धाराशिवच्या बाहेरच्या धावपट्टीवर एक कॅम्प आलता. बाहेरून एक कंपनी आलती, छोटं विमान, दोन कोच, एक तंबू. मॅडमना कुणीतरी मोबाईलवर दाखवलं अन् पुढच्याच रविवारी त्या मला घेऊन तिथं हजर. मला का, तर "साक्षीदार पाहिजे, न्हाईतर चाचा विश्वास ठेवणार न्हाईत." तिथल्या डॉक्टरनं बीपी तपासला अन् म्हणला, या वयात इतका नॉर्मल कसा. मॅडम म्हणल्या, "नववी ब नं वाढवला न्हाई, तुमचं विमान काय वाढवणार."

पहिली उडी कोचच्या पोटाला बांधून असते. मॅडम वर गेल्या, खाली आल्या, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी पट्टे सोडले अन् सरळ कोचला म्हणल्या, "मी काय एसटीतनं पाठवलेलं पार्सल आहे का? बांधलं, नेलं, सोडलं."

कोच पुण्याकडचा, तरणा, हसरा. तो म्हणला, "मॅडम, मजा नाही आली?"

"आली की. आता माझ्या हातानं आली पाहिजे."

म्हणजे ट्रेनिंग घेऊन. त्यात दोन कोच दोन्ही बाजूंनी धरून सोबत उडी मारतात, पण पॅराशूट आपण उघडायचं. पाठीवरच्या बॅगेच्या खाली, उजव्या कमरेपाशी, चिकूएवढा एक गोळा असतो. तो दिसत नाही. हात मागं न्यायचा, बोटांना गोळा लागला की ओढायचा. आपण नाही ओढला तर कोच ओढतो, तेवढी काळजी ते घेतात.

मॅडमनी घरी प्रॅक्टिस सुरू केली. चाचांनी जुन्या दप्तराला वायंडिंगच्या पट्टीचा गोळा करून बांधून दिला. मॅडम दप्तर पाठीला लावून दिवाणावर पालथ्या, हातपाय वर उचललेले. चाचा खुर्चीत पेपर वाचत उंची सांगायचे. "आठ हजार. सात हजार. सोयाबीन पडलं बघ परत. साडेपाच हजार." की मॅडमनी ओढायचं. एकदा मी दूध द्यायला गेले तर चाचा म्हणले, "बघ दीपा बेटा, तुझी मॅडम इमानातनं पडायला चालली, अन् मला जिना उतरताना म्हणती जपून."

सगळं जमलं. दिवाणावर एकदाही चुकलं नाही. पण वर गेल्यावर हातच गेले.

सकाळी वारा कमी असतो म्हणून उड्या सकाळीच. डिसेंबरची सकाळ, त्यात वर अजून गार. मॅडमनी मला हिशोब पण सांगितलता, एक किलोमीटर वर गेलं की साडेसहा अंश कमी. "नववीला पाठ करून घेते मी हे," त्या म्हणल्या, "आता देव माझी तोंडी घेतोय." पहिल्या ट्रेनिंगच्या उडीत त्यांनी हात मागं नेला अन् बोटांना काहीच कळेना. गोळा कुठला, बॅग कुठली, स्वतःची कंबर कुठली. शेवटी कोचनं ओढलं. मॅडम खाली उतरल्या, पॅराशूट गोळा केलं, माझ्याजवळ आल्या अन् एकच शब्द बोलल्या. "पार्सल."

कोचनं खाली बसवून नीट सांगितलं. कॅम्प संक्रांतीनंतर दुसरीकडं जाणार. तोवर एकदा जरी तुमच्या हातानं उघडलं तर पुढचं ट्रेनिंग तुम्ही कुठंही करू शकता. नाहीतर इथंच थांबू. जाड हातमोजे चालणार नाहीत, गोळा कळत नाही. मॅडमनी स्वतः विणलेले लोकरीचे मोजे नेलते, ते बघून तो म्हणला, "हे कढई उतरवायला चांगले आहेत."

परत येताना मॅडम गाडी चालवता चालवता म्हणल्या, "पुढच्या हिवाळ्यात मी इथं नसणार, दीपे. मे मध्ये रिटायर. मग पोरीकडं नाशिकला. तिथं वरून मला काय दिसणार? मला तेरणा बघायची, बालाघाट बघायचा. एवढी वर्षं नकाशावर बोट ठेवून शिकवलंय."

मी मागं बसलेते. मला त्यांची पाठ दिसत होती.

मग आला मसाल्याचा रविवार. हे सांगताना मला अजून हसू येतं.

मॅडमनी विचार केला की आपले हात वर्षातून कधी गरम असतात. तर उन्हाळ्यात, काळा मसाला केल्यावर. मिरच्या कुटून हातानं कालवल्या की दोन दिवस हातांची आग होते, ते सगळ्या बायकांना माहितीय. म्हणून मॅडमनी डिसेंबरात शनिवारी मसाला घातला. अख्ख्या गल्लीला ठसका. शेजारच्या काकूंनी खोकत खोकत विचारलं, "मॅडम, आत्ता मसाला? लगीन निघालं का कुणाचं?"

"व्हय, माझंच," मॅडम म्हणल्या. "चाचांना सांगू नका."

रविवारी मॅडम विमानात चढल्या तेव्हा खुशीत होत्या. मी खाली उभी. विमान वर गेलं, बारीक झालं, फिरलं. अन् कुणी उडी मारली नाही. विमान तसंच खाली आलं. दार उघडलं. आधी कोच उतरला, डोळे पुसत. त्याच्या मागून मॅडम, डोळे पुसत. दोघं धाय मोकलून रडल्यासारखे. मी पळतच गेले, म्हणलं वर काय झालं काय.

झालं असं की वर कोचनं मॅडमचा हातमोजा काढून बोटं चाचपली. एकदम गरम. तो खूश झाला, अन् त्याच हातानं त्यानं स्वतःचा गॉगल नीट केला. त्याचा डोळा पेटला म्हणून मॅडमनी मदतीला हात पुढं केला, मग त्यांना घाम आला, तो त्यांनी पुसला. उंची बघायच्या घड्याळातलं दोघांनाही काही दिसेना. पायलटनं दार लावून घेतलं.

"मॅडम, ये लगाया क्या था?" कोच तोंडावर पाणी मारत विचारत होता.

"मसाला," मॅडम म्हणल्या, अन् पिशवीतून बरणी काढली. "तुमच्यासाठी पण आणलाय."

त्यानं बरणी घेतली. लाल डोळ्यांनीच म्हणला, पुढच्या वेळी फक्त बरणी आणा.

कळंबला बातमी आमच्या आधी पोचली. मॅडम वर जाऊन आल्या, पण उतरल्या विमानातनंच. दुकानात येणारा प्रत्येक जण चाचांना विचारायचा, काय चाचा, मॅडम उतरल्या का. चाचा म्हणायचे, "तुझी मोटार जळाली का? मग ती सांग."

कोचनं मग खरा उपाय सांगितला. हात गरम ठेवायचे असतील तर हात सोडून बाकीचं सगळं गरम ठेवा. डोकं, छाती, मनगट. पोटात खाऊन या. पातळ हातमोजे शेवटच्या मिनिटापर्यंत पोटाशी ठेवा, ओले होऊ देऊ नका. चाचांनी स्वतःच्या जुन्या पायमोज्यांचे पुढचे भाग कापून मनगटाला घालायच्या नळ्या केल्या. मॅडमच्या अंगात दोन-दोन बनियन, हेल्मेटच्या आत माकडटोपी, पोटात बाजरीची भाकरी अन् तिळाची चटणी. चाचा म्हणले, जीप सांगतो, जीपनं जा. मॅडम म्हणल्या, "उडी माझी तर गाडी पण माझी."

अन् त्या रविवारी पण हात गेलेच. वर जायची गरजच पडली नाही. धावपट्टीच्या बाहेरच्या टपरीवर आम्ही चहा घेत होतो. काचेचा ग्लास, उकळता चहा. मला धरवेना, मी ओढणीत धरलेला. मॅडमनी नुसत्या हातात धरलेला, अन् शांत. मी म्हणलं, "मॅडम, भाजंल." त्यांनी ग्लासाकडं बघितलं, जणू तो दुसऱ्या कुणाच्या हातात आहे. खाली ठेवला तर बोटं लाल झालेली. त्यांना कळलंच नव्हतं. कोचनं अंगठा एकेका बोटाला लावून दाखवा म्हणलं. करंगळीपर्यंत अंगठा पोचलाच नाही. तो म्हणला, आज नको. आता एकच रविवार उरला.

मॅडम टपरीच्या बाकावर बसून राहिल्या. मला काय करावं सुचेना म्हणून मी त्यांचे हात हातात घेतले.

मॅडमनी मान वर केली. "तुझे हात गरम आहेत."

"हो."

"आपण एकाच गाडीवर आलो ना?"

"हो की. पण मी मागं बसलेते. माझे हात तुमच्या कोटाच्या आत होते."

मॅडमनी स्कूटीकडं बघितलं. मग वर्गात बोलायच्या त्या आवाजात म्हणल्या, "मी सह्याद्री. तू मराठवाडा."

कळलं ना तुम्हाला? हात वर जाऊन गार होत नव्हते. कळंबपासून धाराशिवपर्यंत पहाटेच्या वाऱ्यात हँडल धरून ते खालीच जात होते, अन् तसलेच गेलेले हात घेऊन मॅडम विमानात बसत होत्या. सगळा वारा त्यांच्या अंगावर, मी आडोशाला.

उपाय दोघींनाही दिसत होता. पण मी तोंड उघडलं नाही. परत येताना पण गाडी त्यांनीच चालवली. आठवडाभर गल्लीत येता-जाता भेटल्या, पण त्या विषयावर चकार शब्द नाही. चाचांनी मला दुकानासमोर थांबवून विचारलं, "जाणार का न्हाई रविवारी?" मी म्हणलं, माहीत नाही. चाचा म्हणले, "इचारू नको. इचारलं की न्हाई म्हणती."

शनिवारी संध्याकाळी मॅडम आमच्या दारात आल्या. आत आल्या नाहीत. स्कूटीची चावी पुढं धरली.

"दीपे, उद्या तू चालव."

आई चपाती लाटता लाटता थांबली.

सकाळी मॅडम माझ्या मागं बसल्या. कसं बसायचं तेच त्यांना कळेना. आधी एका बाजूला बसल्या, मग उतरून दोन्हीकडं पाय टाकले. हात कुठं ठेवू म्हणल्या. मी म्हणलं, माझ्या खिशात. अन् गाडी निघाली तशी त्यांनी खिसे आतून असे आवळले की जर्किन माझ्या गळ्याशी आलं.

मी सांगितलंय की मी लई वाईट चालवते. मॅडमनी पाच मिनिटं सहन केलं. मग मागून आवाज. "डावीकडं खड्डा आहे."

"मॅडम, तुम्हाला कसा दिसला?"

"दिसत न्हाई. पाठ आहे."

वाऱ्यात आवाज नीट येईना, म्हणून त्यांनी खिशाच्या आतून चिमटे काढायला सुरुवात केली. डावीकडं खड्डा, डावा चिमटा. उजवीकडं, उजवा. स्पीडब्रेकर, दोन्ही. धावपट्टीपर्यंत माझ्या पोटाचा नकाशा झालता. वारा समोरून नुसता कापत होता. माझी बोटं कधी गेली मला कळलंच नाही, ब्रेक दाबताना बघून दाबावे लागायला लागले.

पोचल्यावर मी हँडल सोडेना. सोडता येईना. मॅडमनी माझी बोटं एकेक करून सोडवली, दोन्ही हात आपल्या हातात घेतले अन् चोळायला लागल्या. अन् मी, जिला आठवीपासून ते हात माहिती होते, मला पहिल्यांदा ते हात गरम लागले.

"सह्याद्री गारठला गं माझा," मॅडम म्हणल्या.

कोचनं अंगठ्याची परीक्षा घेतली. पहिलं बोट, दुसरं, तिसरं, करंगळी. मॅडमनी तीच परीक्षा उलट्या क्रमानं परत दिली, न सांगता. मनगटाला चाचांचे पायमोजे, हातमोजे पोटाशी, हात काखेत. तशाच चालत विमानाकडं गेल्या, कुणावर तरी रुसल्यासारख्या.

मी खाली. कानाला फोन, फोनवर चाचा. त्यांनी व्हिडिओ नको म्हणलं. "मला वरचं दिसत न्हाई बेटा, तू सांग." विमान फिरलं. तीन ठिपके सुटले. माझ्या शेजारी कंपनीचा माणूस वॉकीटॉकी घेऊन उभा होता. ठिपके पडत होते, पडत होते, अन् मग त्यातल्या एकावर पिवळं फूल उमललं.

"उघडलं, चाचा."

चाचा मग एकदम घरातल्या भाषेत, "कौन खोला?"

मी शेजारच्या माणसाकडं बघितलं. वॉकीटॉकीत खरखर झाली, तो हसला, अन् स्वतःच्या हातानं ओढल्याची खूण केली.

"मॅडम. मॅडमनीच उघडलं, चाचा."

फोनवर शटर वर सरकल्याचा आवाज आला. इतका वेळ चाचा बंद दुकानासमोर उभे होते. "अच्छा," म्हणले. "तो मैं बी दुकान खोलता."

मॅडम उतरल्या, पॅराशूट वाळलेल्या चादरीसारखं छातीशी गोळा करून चालत आल्या. गाल फुटलेले, माकडटोपी एका कानावर. हातमोजा काढला अन् माझ्या गालाला हात लावला. बर्फ. नेहमीचा बर्फ.

"गार आहे की," मी म्हणलं.

"असू दे. त्यांचं काम झालं."

तेरणा दिसली का, मी विचारलं. मॅडम म्हणल्या, दिसली, पण आधी गोळा कळला. बोटांना गोळा कळला तेव्हा जे झालं ते नदीपेक्षा मोठं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर बालाघाट काढला, पुस्तक न उघडता, अन् पोरांना म्हणल्या, पुस्तकात आहे त्याच्यापेक्षा थोडा जास्त वाकडा आहे, पण परीक्षेत पुस्तकातला काढा.

मे मध्ये मॅडम रिटायर झाल्या. सामान आधी गेलं, मग चाचा बॅगा घेऊन रिक्षानं स्टँडवर पुढं गेले. मॅडमनी घराला कुलूप लावलं अन् स्कूटीची चावी माझ्या हातात दिली. गाडी तुझी आता, म्हणल्या. मी समजले की स्टँडपर्यंत त्या चालवतील अन् तिथून मी परत आणीन. पण त्या स्वतःहून मागं जाऊन बसल्या.

मी उन्हासाठी सनकोट घातलेला. मॅडमनी दोन्ही हात सनकोटाच्या खिशात घातले.

"मॅडम, मे महिना आहे."

"माहितीय मला. पुढं बघ."

दुपारचं ऊन, रस्त्यावर कुत्रं नाही. सनकोटाच्या पातळ कापडातून पोटाला गार गार लागत होतं, ताप आलेल्या दिवशी कपाळाला लागायचं तसं. स्टँडच्या अलीकडं तो मोठा खड्डा आहे, डावीकडं. मला लांबूनच दिसला होता. आता मला पण रस्ता पाठ झालता. तरी मी गाडी वळवली नाही, सरळ नेत राहिले, हळू, अजून हळू.

मग डावीकडून चिमटा आला, अन् मी वळवली.